कँटीनमधली राखी

आमच्या कारखान्यात कँटीनच्या दाराशेजारी एक पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं. वर लिहिलंय 'अंतर्गत समिती' आणि त्याखाली चार नावं. तिसरं नाव माझं होतं. चार वर्षं मी त्या पाटीखालून डबा घेऊन जात-येत होते आणि रोज एकदा वर बघत होते. त्या समितीचं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बायकांची भांडणं मिटवणं.

कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. शर्ट शिवायचा. तीनशे बायका आणि साठ-सत्तर बाप्ये. मी कळंब्याहून कंपनीच्या बसनं यायचे. शिवून आलेल्या शर्टाचे राहिलेले धागे तोडायचं एक लांब टेबल असतं, त्या टेबलावरच्या बायकांची मी मुकादम. नाव झुंबरबाई, पण सगळ्या मावशी म्हणायच्या.

समितीत मला घेतलं पूर्णिमा मॅडमनी. त्या ऑफिसात कामगारांचं सगळं बघायच्या. भरती, रजा, मुदतवाढ सगळं त्यांच्याच हातात. मला बोलावून म्हणाल्या, "मावशी, कायद्यानं अशी समिती लागते. निम्म्याच्यावर बायका पाहिजेत. तुम्हाला लिहायला येतं, आणि बायका तुमचं ऐकतात."

मी शेहेचाळिसाव्या वर्षी गावच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली बाई. वर्गातल्या बाकीच्या सही येईपर्यंत थांबल्या, मी पुढं जात राहिले. त्यामुळं 'तुम्हाला लिहायला येतं' हे वाक्य मला साडीचोळीपेक्षा मोठं वाटलं.

दर तीन महिन्यांनी बैठक व्हायची. चहा, दोन बिस्किटं, एक वही. वहीत मी लिहायचे, 'या तिमाहीत एकही तक्रार नाही.' मग सह्या. चौथं नाव कोल्हापूरच्या एका वकीलबाईंचं होतं. त्या कधी आल्या नाहीत. वही त्यांच्या घरी जायची आणि सही होऊन परत यायची. कपाटात कायद्याची एक पातळ मराठी पुस्तिका होती. तिच्यावर धूळ होती. ती कधी काढावी असं मला वाटलं नाही, कारण तक्रारच नव्हती.

फेब्रुवारीत सुष्मिता माझ्याकडं आली. कबनूरची मुलगी, तेवीस वर्षांची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून शिक्षण सोडून कामाला लागलेली. वडील नाहीत. घरामागं शेडमध्ये कापड विणायचे चार माग, ते आई चालवायची. सुष्मिता शिवण तपासायच्या कामावर होती. हात धुवायच्या नळाजवळ ती माझ्या शेजारी उभी राहिली.

"मावशी, त्या पाटीवर तुमचं नाव हाय नव्हं?"

"हाय की."

"मग मला तुमाला सांगायचं हाय."

तिनं सांगितलं. धैर्यशील हा आमचा लाइन इनचार्ज. चाळिशीच्या आतला, दोन पोरांचा बाप. गणपतीत कारखान्याचा मांडव तोच उभा करायचा, कुणाचा बाप आजारी पडला तर गाडी तोच द्यायचा. शिवण दाखवायच्या निमित्तानं तो तिच्या मागं उभा राहायचा आणि वाकायचा. आधी पाठीवर हात. मग हात कमरेवर उतरला आणि तिथंच राहायला लागला. घरी गेल्यावर फोनवर निरोप यायचे, झोपलीस का, काय घातलंयस. तिनं मला फोन दाखवला. मी ते सावकाश वाचले. एकदोन शब्द मला दोनदा वाचावे लागले, पण ते अवघड होते म्हणून नव्हे.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, "तू काय बोललीस त्याला? हसलीबिसली न्हाईस नव्हं?"

ती म्हणाली, "न्हाय."

दुसरा प्रश्न विचारला, "घरात सांगितलंस?"

"अव्वाला सांगितलं तर उद्यापासनं घरात बसवंल."

"मग गप बस. मी बघतो."

तुला काय पाहिजे, हा प्रश्न मी विचारला नाही. तो प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं ते आमच्या गावचं. मी लहान असताना एक पोरगा एका पोरीच्या मागं विहिरीपर्यंत जायचा. थोरांनी त्याला मारुतीच्या देवळात बसवलं. पोरीनं त्याच्या मनगटाला धागा बांधला, त्यानं तिला खण-नारळ दिला, चार लोकांसमोर बहीण मानली. मिटलं. पुढं दोन महिन्यांत त्या पोरीचं लांब कुठंतरी लग्न लावून दिलं. पण हे मला तेव्हा आठवलं नाही. मिटलं एवढंच आठवलं.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "चौकशी लावली तर नव्वद दिवस कागद. पुढच्या महिन्यात बाहेरचे लोक कारखाना बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे असलं?"

"चौकशी कशाला, मॅडम? चार बायकांसमोर राखी बांधू. खण-नारळ देऊदे. बहीण मानली की हात लावायची छाती व्हनार न्हाय कुणाची."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. "मावशी, तुमच्यासारखी बाई प्रत्येक समितीत पाहिजे. फक्त तिची लेखी विनंती लागेल. आपसात मिटवा म्हणून."

सुष्मिताला मी धागे तोडायच्या टेबलाशी बसवलं. ती रडत होती. "मावशी, मला राखी नको. मला त्याच्या लाइनीवरनं काढा निस्तं."

"आगं, राखी बांधल्यावर लाइन कशाला बदलायला लागतीय? आनी लाइन बदललीस तर लोक इचारतील, का बदलली. नाव कुनाचं जाईल?"

"मी लिहितो, काय झालं ते."

"तुझा हात कापतोय. मी लिहितो. तू सही कर."

ती बी.कॉम.पर्यंत शिकलेली आणि मी साक्षरता वर्गातली, पण कागद मी ओढून घेतला. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. मी लिहिलं, 'श्री. धैर्यशील यांच्याकडून गैरसमजातून काही वर्तन झाले. ते मला भावासारखे आहेत. प्रकरण आपसात मिटवण्यात यावे, ही माझी विनंती आहे.' गैरसमज हा शब्द मॅडमनी सांगितला होता. बाकीचं सगळं माझं. वेलांट्या मी नीट काढल्या. लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघितला, ओळी सरळ आल्यात का. सुष्मितानं सही केली.

राखी कुठं मिळेना, मार्च महिना होता. मग मी शिवणविभागातून लाल दोऱ्याचं रीळ मागून आणलं आणि तीनपदरी वेणी घातली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये चाळीसएक बायका होत्या. मीच सगळ्यांना थांबवलं. चार लोकांसमोर झालं तरच ते पक्कं, असं आमच्यात असतं.

धैर्यशील आला तो हसत. हात पुढं केला. सुष्मिताच्या हातातून गाठ बसेना. दोनदा सुटली. मग मी पुढं होऊन गाठ मारली.

"चुकलंमाकलं माफ कर, ताई," तो म्हणाला आणि तिच्या पदरात नारळ आणि खण टाकला. खण म्हणजे शर्टाचंच निळ्या रेघांचं कापड होतं. डाग पडला की जे कापड बाजूच्या पेटीत टाकतात, त्यातलं. मी ओळखलं. पण म्हटलं, बाप्या माणूस, ऐनवेळी खण कुठनं आणणार.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो कारखान्याच्या ग्रुपवर होता, खाली लिहिलं होतं, 'आमच्या परिवारातील एक जिव्हाळ्याचा क्षण.' रात्री सुष्मिताच्या मावसभावानं तो कबनूरला तिच्या आईला दाखवला. दुसऱ्या दिवशी ती डोळे सुजवून कामावर आली. आईनं घरात बसवलं नव्हतं, पण 'असं काय केलंस म्हनून राखी बांधायची पाळी आली' एवढं विचारलं होतं.

बसमध्ये माझ्या शेजारी शालूबाई बसायची. ती बटणं लावायच्या कामावर, माझ्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "झुंबरे, कोल्ह्याला राखी बांधली म्हनून त्यो कोंबड्यांचा भाऊ व्हतोय व्हय?"

मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

धैर्यशीलनं तो लाल दोरा काढला नाही. मळला तरी ठेवला. येता-जाता हात वर करून दाखवायचा. "काय ताई, भावावर राग हाय व्हय अजून?" "ताई, आज नवी ओढणी? भावाला दाखवायची न्हाय?" लाइनीवरचे चारसहा जण हसायचे. ताई म्हणण्यात वाईट काय, कुणाला दाखवायचं आणि काय सांगायचं? सुष्मिता खाली मान घालून शिवणी तपासायची. माझ्या टेबलाकडं बघायची नाही. मी मनात म्हणायचे, हळूहळू निवळेल.

सतरा जूनला दुपारी ती कापडाच्या स्टोअरमधून पळत बाहेर आली. एका पायात चप्पल होती, एकात नव्हती. ती माझ्याकडं आली नाही, सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली. थोड्या वेळानं मॅडमनी मला बोलावलं.

मॅडमच्या पुढ्यात तो माझ्या अक्षरातला कागद होता.

"सुष्मिता, हे प्रकरण तुझ्याच विनंतीवरून मिटलंय. एकदा मिटलं की समितीला चौकशी करता येत नाही. कायदाच तसा आहे."

"मॅडम, त्यानं आज परत..."

"परत म्हणजे काय? तडजोडीची अट काय होती? बहीण मानणे. तो तुला ताई म्हणतो की नाही?"

"म्हनतोय."

"मग अट मोडली कुठं? स्टोअरमध्ये कुणी बघितलं?"

"कुनी न्हाय. त्यानं दार लावलंतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सुष्मिता माझ्याकडं वळली. "मावशी, सांगा की. हे मी मागितलं न्हवतं म्हनून सांगा की."

मला अठ्ठावन्न पुरी झाली होती. वर दोन वर्षं वाढवून मिळायची होती आणि तो कागद जुलैत मॅडमच्या सहीला जाणार होता. हे मी त्या वेळी मनात आणलं नाही, असं मी इथं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी म्हणाले, "जाऊदे बाळ. आता लांब ऱ्हा त्याच्यापासनं."

ती दोन आठवड्यांनी काम सोडून गेली. माझी मुदतवाढ झाली.

ऑगस्टमध्ये बैठक होती. मॅडमना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. वही माझ्या पुढ्यात होती, 'एकही तक्रार नाही' लिहायचं होतं. मला 'एकही' लिहिता येईना. हात तिथं जाऊन थांबायचा. मी उठून कपाट उघडलं आणि ती पुस्तिका पिशवीत घातली.

बत्तीस पानं होती. मला दोनतीन आठवडे लागले. कायद्याचं मराठी हे मराठीसारखं दिसतं, पण एकेक वाक्य घाटातल्या रस्त्यासारखं असतं, सुरुवात कुठं झाली ते शेवटाला विसरतं. मी बोट ठेवून वाचायचे. तडजोड करायची असेल तर ती बाईच्या स्वतःच्या विनंतीवरूनच. तिचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही. मी चाळीस बायका गोळा केल्या होत्या. तडजोडीची अट पाळली नाही, असं बाईनं सांगितलं तर समितीनं चौकशी केलीच पाहिजे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते, नोकरी सोडली असली तरी. आणि एका पानावर होतं, बाईला लेखी तक्रार करता येत नसेल तर ती लिहायला समितीनं तिला सगळी मदत करावी.

मदत मी केली होती. तक्रार लिहायला नव्हे, ती पुसायला.

सतरा जूनपासून तीन महिने म्हणजे सतरा सप्टेंबर. चौदा तारखेला रविवारी मी कळंब्याहून निघाले, कोल्हापूर स्टँडवर गाडी बदलली, इचलकरंजीला उतरून कबनूरला गेले. मागांची खडखड रस्त्यावरच सुरू होते. तिथली माणसं त्या खडखडीच्या वर आवाज चढवूनच एकमेकांशी बोलतात.

मल्लव्वा, सुष्मिताची आई, दारात उभी होती. कपाळावर भस्माच्या रेघा, हातात सुताचा गुंता. "कोन पायजे?"

"मी कागलच्या कारखान्यातनं आलोय. झुंबरबाई."

"राखीवाली बाई काय तू?"

मी हो म्हणाले. तिनं मला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. बाजूला झाली. मागं शेडमध्ये सुष्मिता कांड्या भरत होती. लहानशा यंत्रावर कांडी फिरत होती आणि तिच्यावर सूत चढत होतं. मला बघून तिनं यंत्र थांबवलं नाही.

"आता काय बांधायला आलायसा?"

मी खाली फरशीवर बसले. पुस्तिका काढली, तारखा सांगितल्या, तीन दिवस उरलेत हे सांगितलं. "मी साक्ष देतो. ते पत्र मी लिहिलं, तू मागितलं न्हवतंस, हे सगळ्यांसमोर सांगतो."

"कशापायी?"

"चुकलं माझं."

"चुकलंमाकलं माफ कर, ताई," ती म्हणाली. अगदी त्याच्याच सुरात.

मल्लव्वा कानडीत तिला काहीतरी बोलली. सुष्मितानं मान हलवली. एक कांडी भरली, तिनं ती काढून टोपलीत टाकली आणि दुसरी लावली. तेवढ्या वेळात मला तो प्रश्न विचारता आला.

"तुला काय पायजे, सुष्मिता?"

तिनं यंत्र बंद केलं. शेजारच्या शेडमधले माग चालूच होते.

"मला परत कामावर यायचं न्हाय. त्याला माफी मागायला लावू नका, त्यो लई झकास मागतोय. मला झालं ते झालं तसं कागदावर पायजे. आनी त्ये त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायचं. मी वाचनार न्हाय. तुमी वाचायचं."

"तुझं अक्षर माझ्याहून बरं हाय. तू लिहून दे, मी वाचतो."

"मला येतंय की लिहायला. तवाबी येत होतं. मी सांगतो, तुमी लिवायचं."

मी वही उघडली. तिनं फेब्रुवारीपासून सांगायला सुरुवात केली. एकही शब्द मला बदलू दिला नाही. मी 'गैरवर्तन' लिहिलं तर तिनं वाकून बघितलं आणि खोडायला लावलं. "त्यानं कमरेवर हात ठेवला आनी काढला न्हाय. असं लिवा." राखीचं लिहिलं. खणाचं लिहिलं. तो खण डागाच्या कापडातला होता हे तिनंही ओळखलं होतं. मग सतरा जून आला.

"त्यानं स्टोअरचं दार लावलं. म्हनला, ताई, आता तर घरचंच झालं. डाव्या हातानं माझं तोंड दाबलं. उजव्या हातानं माझी छाती धरली."

माझं पेन थांबलं.

"लिवा की."

मी तिच्याकडं बघितलं. मल्लव्वा पाठ करून उभी होती. सुताचा गुंता सोडवायचं तिनं थांबवलं होतं.

"मला झालं, आनी लिवायची लाज तुमाला वाटतीय? गैरसमज लिवताना हात थांबला न्हवता तुमचा."

मी लिहिलं.

"फुडं लिवा. त्या हाताला मी बांधलेला लाल दोरा हुता. गाठ मावशीनं मारली हुती."

मी तेही लिहिलं. साडेचार पानं झाली. ती एकदा वाचून तिनं खाली सही केली. मी आणखी एक कागद लिहिला, आधीचं पत्र कुणी, कसं लिहिलं त्याचा, आणि त्यावर माझी सही केली. निघताना कुणी चहाचं विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

सोमवारी प्रती काढल्या. एक मॅडमच्या हातात दिली आणि पोच घेतली, एक वकीलबाईंच्या घरी राजारामपुरीत जाऊन दिली, एक पोस्टानं जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवली. पुस्तिकेत तसं नव्हतं, पण माझा आता एका दारावर विश्वास राहिला नव्हता.

मॅडमनी पानं चाळली. "मावशी, तुम्ही समितीत आहात. कंपनीचा विचार तुम्ही करायला पाहिजे."

"पुस्तकात तसं न्हाय, मॅडम."

"पुस्तकात तुमच्या मुदतवाढीचंही काही नाही."

"तेबी बघितलं मी," मी म्हणाले.

चौकशीच्या दिवशी वकीलबाई पहिल्यांदा कारखान्यात आल्या. सुष्मिता आली नाही. पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी माझा कागद आधी वाचला आणि म्हणाल्या, "झुंबरबाई, तुम्ही साक्षीदार आहात. तुम्हाला समितीत बसता येणार नाही. पलीकडच्या खुर्चीवर बसा." मी उठले. मग त्या बैठकांची वही उलटून बघत राहिल्या आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "चार वर्षं मीही न वाचता सह्या केल्यात."

धैर्यशील इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं हात टेबलावर ठेवला, दोरा दिसेल असा. दोरा आता काळपट झाला होता. "मॅडम, सहा म्हैने झालं, अंघोळीलाबी काढला न्हाय. सख्ख्या भनीचा इतका ठेवत न्हाय मी. ह्या म्हातारीला कुनीतरी भरवलंय. पैलं पत्र हिचंच, आताचंबी अक्षर हिचंच. हिचं कंचं खरं मानायचं?"

 वकीलबाई म्हणाल्या, "आताचं वाचा."

मी वाचायला लागले. मोठ्यानं वाचायची मला सवय नाही. जोडाक्षराला अडखळते. कुणी घाई केली नाही. पहिली दोन पानं धैर्यशील छताकडं बघत होता. खणापाशी त्यानं ओठ मुडपले. मी सतरा जूनला आले. दार, तोंड, सगळं वाचलं. छाती हा शब्द आला तेव्हा पूर्णिमा मॅडम म्हणाल्या, "ते सोडून पुढचं वाचलं तरी चालेल."

"न्हाय चालनार," मी म्हणाले आणि ते वाक्य परत पहिल्यापासून वाचलं. मग पुढचं. "त्या हाताला मी बांधलेला लाल दोरा होता. गाठ मावशीनं मारली होती."

धैर्यशीलनं हात टेबलाखाली घेतला. वकीलबाईंनी ते बघितलं आणि लिहून घेतलं.

फोनवरचे निरोप सुष्मितानं जपून ठेवले होते, ते तिनं वकीलबाईंना पाठवले. त्या दिवशी तिला एका चपलेनं पळताना बघितलं, हे सांगायला शालूबाई आली. दुसरी कुणी आली नाही. डिसेंबरात अहवाल झाला. आरोप सिद्ध. वकीलबाईंनी कामावरून काढा असं लिहिलं, मॅडमनी वेगळं मत लिहिलं, आणि मालकांनी त्यातलं सोयीचं घेतलं. धैर्यशीलला लेखी ताकीद मिळाली आणि मालकांच्या दुसऱ्या युनिटात बदली झाली. पद तेच.

जायच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये त्याला फेटा बांधला, शाल-नारळ दिला. बायकांना टाळ्या वाजवायला लावल्या. शालूबाई म्हणाली, ती त्या वेळी संडासात जाऊन बसली. मी तिथं नव्हते. माझी मुदतवाढ मधेच रद्द झाली होती. पाटीवरच्या माझ्या नावावर पांढरा रंग मारला आणि वर नवं नाव लिहिलं, असं तिनंच सांगितलं. रंग पातळ आहे, खालचं अजून दिसतं म्हणे.

जानेवारीत मी परत कबनूरला गेले. सुष्मिता कांड्याच भरत होती.

"वाचलासा?"

"वाचलं. सगळं."

"छाती म्हनून वाचलासा?"

"व्हय. दोनदा."

"त्यो काय करत हुता?"

"हात टेबलाखाली घेतला."

 तेवढ्यात सूत तुटलं. तिनं टोकं जुळवली, दोन बोटांत गाठ मारली, आणि कांडी परत फिरायला लागली.

"मग काढला त्याला?"

"बदली केली. दुसऱ्या युनिटात."

"तिथं बायका किती हायत?"

"दीडशे."

तिनं भरलेली कांडी टोपलीत टाकली आणि दुसरी लावली. मल्लव्वा शेडच्या दारात आली. ह्या वेळी तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "च्या टाकतो, अक्का. बस जरा."

"नको अव्वा," सुष्मिता कांडीवरून नजर न काढता म्हणाली, "त्येंची गाडी चुकंल."

कबनूरहून इचलकरंजीला दर दहा मिनिटांनी गाडी असते. मी उठले.